चेंडू मिळाला, मैदानाचे काय?

फुटकी बादली लाथाडत फुटबॉल खेळणारी नागपूरच्या झोपडपट्टीतील पोरे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या नजरेस पडली आणि 2001 साली ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. 2016 साली फिफाने त्याचा गौरव केला. 2022 साली नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ने ही कथा घरोघरी नेली. टाळ्या झाल्या. मैदानाचे काय?

सरकारी पैशावरच्या सार्वजनिक जागेत जातीवरून मज्जाव करता येत नाही, असे घटनेचे कलम 15(2) सांगते. म्हणून आज फाटकावर जात विचारली जात नाही, भाड्याची पावती विचारली जाते. बाहेर राहतात ती मात्र वस्तीतलीच पोरे.

बांधवांनो, चेंडू दानात मिळेल. मैदान हक्कानेच घ्यावे लागेल. महापालिकेकडे पहिला अर्ज आपल्या वस्तीचा जाऊ द्या.