नळीचे टोक पाण्यात बुडवू नका



आपल्या वसाहतीत पाणी वेळेवर येते आणि वेळ संपली की जाते. ते जाताना उघड्या नळाच्या तोंडाला तळहात लावून बघा, पुष्कळदा हात आत ओढला जातो. चावी बंद झाली की लाइनीतले उरलेले पाणी उताराकडच्या घरांत उतरते, आणि चढावरचा उघडा नळ मिळेल ते ओढून घेतो. नुसती हवा ओढली तर फारसे बिघडत नाही. पण नळाला लावलेली रबरी नळी पिंपात किंवा कपडे भिजवलेल्या टबात बुडालेली असेल, तर तेच पाणी लाइनीत शिरते आणि पुढच्या खेपेला कुणाच्या तरी हंड्यात पडते.

म्हणून विनंती अशी, की नळीचे टोक भांड्याच्या काठापासून किमान एक इंच वर ठेवा. नळी जाड असेल तर तिच्या व्यासाच्या दुप्पट. टाकीतही बॉलकॉकचे पाणी ओव्हरफ्लोच्या वरून पडले पाहिजे. रात्री आवाज होतो म्हणून काही जण बॉलकॉकला नळी जोडून ती पाण्यात सोडतात. ती काढा, आवाज सोसा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जरूर बसवा, पण बारीक खडा अडकला तरी त्याची झडप नीट मिटत नाही. मोकळ्या हवेच्या अंतराला असला आजार नाही.

थेट लाइनीला मोटार लावणे तर सर्वांत वाईट. गटाराशेजारून जाणाऱ्या लाइनीचा सांधा गळका असेल, तर मोटार त्यातून मैलाही खेचते. ‘शेजाऱ्याने लावली म्हणून आम्ही लावली’ हे ऐकून कान किटले आहेत. मोटार स्वतःच्या हौदातूनच ओढू द्या. बोअरची आणि पालिकेची लाइन मध्ये नुसती चावी ठेवून जोडू नका, दोन्ही पाणी टाकीत वेगवेगळ्या पाइपांनी वरून पडू द्या. संडासातला जेट हुकावर अडकवा, कमोडमध्ये लोंबकळत ठेवू नका.

हा बागुलबुवा नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि अमीबाच्या आमांशाने ९८ माणसे दगावली.

पाणी गढूळ आले किंवा वास आला तर पिऊ नका. किती वाजता आले ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला कळवा. दोन-चार घरांच्या वेळा जुळवल्या, की दोष कोणत्या गल्लीत शोधायचा ते ठरवणे सोपे जाते.

आपली,
पाणी समिती