बोंबलाचे खोल पाण्यातले भाऊबंद

काटोलहून समुद्र कितीही लांब असला, तरी वलांडीवर वाळलेले सुके बोंबील विदर्भाच्या बाजारांना नवे नाहीत. याच बोंबलाच्या गणात बॅथिसॉरिडी नावाचे छोटेसे कुळ आहे. साऱ्या जगात मिळून त्याच्या जाती दोनच. अंग सडपातळ, डोके चपटे, जबड्यात दातांच्या रांगा. हे मासे तळाच्या गाळावर पडून भक्ष्याची वाट पाहतात, आणि त्यांतली एक जात जवळजवळ पाच किलोमीटर खोलीपर्यंत सापडते. प्रत्येक माशात नर आणि मादी अशी दोन्ही अंगे एकाच वेळी असतात. एवढ्या विरळ वस्तीत जोडीदार क्वचितच भेटतो; तेव्हा जो भेटेल त्याच्याशी वंश चालावा, अशी ती सोय असावी. खुद्द बोंबलाचीही खोल पाण्यातली एक जात आपल्याकडे आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचे डॉक्टर आल्कॉक यांनी तिचे वर्णन १८९१ मध्येच करून ठेवले.

हे आज सांगायचे कारण खोल समुद्रातले खाणकाम. मध्य हिंदी महासागरातले ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र २००२ च्या करारान्वये भारताकडे आहे. तिथे पाच किलोमीटरच्या आसपास खोलीवर मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले गोटे पसरले आहेत. २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. त्यात खाणकामाचे तंत्र आहे, तसा जैवविविधतेचा अभ्यासही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की अभ्यास आधी व्हावा. कारण असा गोटा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. १९८९ मध्ये पेरूजवळ समुद्रतळ प्रयोगासाठी नांगरला गेला. त्याचे चर पाव शतकानंतरही तसेच दिसत होते.

संत्रापट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. खाली किती पाणी आहे हे न मोजता बोअर खोल नेत गेले की बागा कशा वाळतात, हे त्याने पाहिले आहे. समुद्रतळाला तर आवाज उठवणारा शेतकरीही नाही. म्हणून गोटे उचलणारे यंत्र कामाला लावण्यापूर्वी त्या क्षेत्रातल्या सजीवांची यादी सरकारने प्रसिद्ध करावी, आणि ती मराठीतही करावी. काही भाग कायमचा राखून ठेवावा, आणि त्याच्या सीमा खाणकामाची परवानगी देण्याआधी ठरवाव्यात.