दीर्घ परदेशवास आणि अमेरिकी नागरिकत्वाचा लांबणारा मुहूर्त

वृद्ध आई-वडिलांच्या आजारपणामुळे मायदेशी येऊन आठ-दहा महिने राहिलेल्या ग्रीनकार्डधारक भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वेळ नव्याने मोजावी लागू शकते.

सर्वसाधारणपणे ग्रीनकार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांनी नागरिकत्वाची पात्रता येते. अर्ज ९० दिवस आधी दाखल करता येतो. या पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. ही बेरीज जुळली की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु सलग वास्तव्याची अट निराळी आहे. एकच प्रवास सहा महिन्यांहून अधिक लांबल्यास वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते. घर, नोकरी व कुटुंब अमेरिकेतच होते, हे कागदपत्रांनिशी दाखवून ते गृहीतक खोडता येते. अनुपस्थिती वर्षभराची झाली, तर काही विशिष्ट नोकऱ्यांचा अपवाद वगळता हा मार्गही उरत नाही. परतल्यावर निदान चार वर्षे व एक दिवस थांबणे भाग पडते. पुनःप्रवेश परवाना ग्रीनकार्ड टिकविण्यास उपयोगी पडतो, नागरिकत्वाची मुदत वाचवीत नाही. येथेच बहुतेकांची फसगत होते.

या नियमातील विसंगती बोचणारी आहे. आई-वडिलांना कायम वास्तव्यासाठी अमेरिकेत बोलाविण्याचा अर्ज केवळ नागरिकच करू शकतो, ग्रीनकार्डधारक नव्हे. त्यांच्या शुश्रूषेसाठी भारतात थांबलेल्या मुलाचा नेमका तोच अधिकार आणखी काही वर्षे लांबणीवर पडतो.