पेढीचा नवा उंबरठा

सकाळी फळ्या उघडल्या की आधी उंबरठा झाडून घ्यावा, ही जुन्या पेढ्यांची रीत. आज बहुतेक पेढ्यांवर दिवसाचा आरंभ संगणकाच्या पडद्यावर होतो. बँकेतील शिल्लक, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, परगावच्या मालाची मागणी हे सारे ज्या एका दारातून ये-जा करते, ते दार म्हणजे ब्राउझर. गल्ल्याच्या कुलपाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी या दाराची मात्र क्वचितच घेतली जाते.

पहिला प्रश्न आवृत्तीचा. अनेक वर्षे सरकारी संकेतस्थळांवर डिजिटल स्वाक्षरीसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर आणि जावाची ठराविक आवृत्ती लागत असे. त्यामुळे ‘चालते आहे ते हलवू नये’ ही वृत्ती अंगवळणी पडली. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोररला निरोप दिला, तरी वृत्ती मागे उरली. क्रोम आणि फायरफॉक्स यांची नवी आवृत्ती साधारणतः दर काही आठवड्यांनी येते. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याआधीही येतात. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुन्या आवृत्तीत भगदाड कोठे आहे, हे चोरालाही कळते. म्हणून विलंबाचा प्रत्येक दिवस जोखमीचा ठरतो. बहुतेक दुरुस्त्या आपोआप उतरतात; परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय त्या लागू होत नाहीत. रात्री दुकान वाढवताना ब्राउझरही पूर्ण बंद करावा, एवढ्याने निम्मे काम होते.

अगदी निराळा ब्राउझर आजमावयाचा असल्यास जुना न काढता तो शेजारी बसवावा. डिजिटल स्वाक्षरी, बिलाची छपाई आणि बँकेचे लॉगिन ही तीन कामे त्यावर करून पाहावीत. मासिक विवरणपत्राची २० तारीख उलटल्यावरच असे प्रयोग हाती घ्यावेत.

दुसरा प्रश्न अ‍ॅड-ऑनचा. जाहिराती रोखणे, पासवर्ड सांभाळणे, भाषांतर करणे अशी कामे ही छोटी साधने करतात. पण त्यांपैकी अनेक साधने बसवताना एक परवानगी मागतात: सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची. या ‘सर्व’मध्ये बँकेचे पानही येते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ या क्रोमच्या अ‍ॅड-ऑनची कथा या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वापरात नसलेली पाने निजवून संगणकाचा भार हलका करणारे हे साधन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याला विकले. पुढे त्यात घातक भाग आढळल्यावरून फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले. मुनीम तोच दिसावा आणि त्याचा धनी मात्र गुपचूप बदललेला असावा, तसा हा प्रकार. एकदा पारखून घेतलेले साधन कायमचे विश्वासू राहते, असे नाही. दर तिमाहीस अ‍ॅड-ऑनची यादी उघडावी आणि ज्याचे काम आठवत नाही ते काढून टाकावे. बँकेच्या व्यवहारासाठी ब्राउझरमध्ये एक स्वतंत्र प्रोफाइल करून त्यात एकही अ‍ॅड-ऑन ठेवू नये.

तिसरा प्रश्न आरंभीच्या पानाचा. हवामान, बातम्या, टपाल एकाच पानावर मांडून देणारे ‘आयगूगल’ २००५ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजी बंद झाले. दुसऱ्याच्या जागेत मांडलेले दुकान एक दिवस उठते, हा त्याचा धडा. आपले आरंभीचे पान आपणच रचावे. बँक, जीएसटी, ई-वे बिल, वाहतूकदार अशा आठ-दहा नेहमीच्या स्थळांचे बुकमार्क पुरेसे आहेत.

यात सोयीहून मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. घाईत बँकेचे नाव शोधयंत्रात टाकले की कधी कधी बनावट पानाची जाहिरात सर्वांत वर येते आणि पासवर्ड परक्या हाती पडतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्याचा आदेश दिला होता. त्यामुळे जुने बुकमार्कही एकदा तपासून घेणे इष्ट. पान घरातील मुले-सुना रचून देतील. परंतु प्रत्येक पत्ता बँकेच्या कागदपत्राशी अक्षरशः ताडून पाहण्याचे काम वडीलधाऱ्यांनी करावे. रोजमेळ लिहिणाऱ्याची नजर येथे उपयोगी पडते. इतके करूनही फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. त्या वेळी दवडलेली घटकाही महाग पडते.

पिढ्यान्‌पिढ्यांची पत एका दुपारच्या निष्काळजीपणाने धोक्यात येऊ शकते. रात्री कुलूप ओढून पाहणारा हात या नव्या दारापाशीही तसाच क्षणभर थांबला पाहिजे.