दर शेवटी बघा, आधी कोबा बघा!

इपॉक्सी फ्लोअरिंगचं कोटेशन हातात आलं की आपण पहिल्यांदा चौरस फुटाचा दर बघतो. माझं मत स्पष्ट आहे, दर शेवटी बघा. आधी खालचा कोबा तपासा. नवीन असेल तर २८ दिवस थांबा. मग प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवा. खाली ओल दिसली तर काम पुढे ढकला. ग्राइंडिंग न करता मारलेला स्वस्त कोट फोर्कलिफ्टखाली पापुद्र्यासारखा सुटतो. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं. उकळतं पाणी सांडणाऱ्या किचनला तर पीयू काँक्रीटच बरं. फ्लोअरिंग दोनदा करायचं म्हणजे धंदा दोनदा बंद ठेवायचा. तो खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहून देत नाही!