‘फक्त १० मिनिटं शिल्लक!’: त्या टायमरमागे कोण असतं?

मी आधी जिथे काम करायचो त्या कंपनीत एकदा माझ्याकडे काम आलं: ‘पेमेंटच्या पेजवर १० मिनिटांचा टायमर लावा.’ मी विचारलं, “१० मिनिटांनी काय होणार? किंमत वाढणार?” क्रिएटिव्ह मार्केटिंग बघणारा सहकारी म्हणाला, “काही नाही रे, परत १० पासून सुरू कर.”

तो माणूस वाईट नव्हता. त्याचं काम ज्या पद्धतीने मोजलं जात होतं, तिथे गडबड होती.

हे काम नेमकं काय असतं?

क्रिएटिव्ह मार्केटिंग म्हटलं की आपल्याला रील्स आणि भन्नाट जाहिराती आठवतात. त्या असतातच. पण नव्याने वाढणाऱ्या कंपनीत टीम लहान असते. त्यामुळे नोटिफिकेशनची ओळ, ऑफरचं बॅनर, बटणावरचे शब्द, सगळं एक-दोन जणांवरच येतं.

मग होते ए/बी टेस्ट. म्हणजे अर्ध्या लोकांना एक स्क्रीन दाखवायची, अर्ध्यांना दुसरी. जिथे जास्त लोक खरेदी करतील ती ठेवायची. पद्धत चांगली आहे, पण तिला एवढंच कळतं की बटण किती जणांनी दाबलं. किती जण नंतर पस्तावले, हे त्या आकड्यात येत नाही. क्लिक आजच मोजता येतात, विश्वास उडालेला कळायला महिने जातात. आणि टार्गेट मात्र दर महिन्याचं असतं!

नियम काय सांगतो?

अशा फसव्या डिझाइनला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत. रोज दिसणारे काही असे:

- खोटी घाई: आमचा टायमर इथेच बसतो.
- गुपचूप भर: न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणं.
- लाजवणं: ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण.
- सबस्क्रिप्शनचा सापळा: घेणं सोपं, बंद करणं अवघड.
- हळूहळू वाढणारी किंमत: शेवटच्या स्क्रीनवर नवे चार्जेस.

जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचं ऑडिट करायला सांगितलं गेलं. अमेरिकेत तर ॲमेझॉनने प्राइम सबस्क्रिप्शनच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरची तडजोड केली. संमतीशिवाय सदस्य करणं आणि रद्द करणं किचकट ठेवणं, असे आरोप होते.

मग फरक काय पडला?

माझ्या मते या यादीचा सगळ्यात मोठा फायदा ऑफिसमधल्या ज्युनिअर माणसाला आहे. ‘मला हे बरोबर वाटत नाही’ म्हटलं तर मीटिंगमध्ये कोणी ऐकत नाही. ‘हे १३ प्रकारांत येतं’ म्हटलं की ऐकावं लागतं. आम्ही शेवटी टायमर ठेवला, पण ऑफर खरंच रात्री १२ ला संपेल असं केलं. पहिल्या आठवड्यात विक्री थोडी कमी झाली, आणि सहकाऱ्याला बोलणी खावी लागली. म्हणजे नियम आला तरी किंमत कोणीतरी मोजतंच.

तुम्ही काय कराल?

टायमर दिसला तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. आकडा परत पहिल्यापासून सुरू झाला तर समजा, घाई खोटी आहे. पैसे भरण्याआधी बिलातली प्रत्येक ओळ वाचा. फसवणूक वाटली तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

आणि उद्या अशाच नोकरीच्या मुलाखतीला गेलात, तर पगाराबरोबर हेही विचारा: “माझं काम चांगलं झालं, हे तुम्ही कशावरून ठरवणार?” उत्तरात फक्त क्लिक आले, तर तो टायमर एक दिवस तुम्हालाच लावावा लागेल.