अंगठीची आतली बाजू

सराफाकडे जुनी अंगठी मोडायला नेली की सगळा कार्यक्रम पाच-दहा मिनिटांत उरकतो. कसोटीवर एक रेघ ओढली जाते, नाहीतर यंत्राच्या पेटीत अंगठी ठेवून कस पाहिला जातो. मग चिमट्यानं खडा उचकटतात, कारण वजन फक्त सोन्याचं करायचं असतं. खडा कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत येतो. त्या दिवसाच्या भावानं हिशेब होतो, घट वजा होते आणि अंगठी मुशीच्या वाटेला लागते. अंगठी उलटी करून तिच्या आतल्या बाजूला काय कोरलंय, हे मात्र या साऱ्या वेळात कुणी भिंगातून पाहिलेलं नसतं.

ही सवय बदलायला हवी. जुनी, खड्याची अंगठी म्हणजे सोन्याचे अमुक ग्रॅम नव्हेत. तो वाचता येणारा दस्तऐवज आहे, आणि तो न वाचताच आपण आटवतो.

इंग्लंडमध्ये घडलेल्या अंगठीच्या आत तर तिची जन्मपत्रिकाच असते. नांगराचं चिन्ह दिसलं तर ती बर्मिंगहॅमच्या कार्यालयात तपासलेली. समुद्रापासून लांब असलेल्या या शहरानं १७७३ मध्ये नांगर हे चिन्ह घेतलं. तपासणी कार्यालय मिळवण्यासाठीच्या बैठका लंडनमधल्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत झाल्या आणि त्यातला मुकुट शेफिल्डकडे, नांगर बर्मिंगहॅमकडे गेला, असं सांगतात. बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. शेजारचं एखादं अक्षर तपासणीचं वर्ष सांगतं. आणि आत ‘१५’ आणि ‘.६२५’ असे आकडे असतील तर काळ आणखी पक्का होतो. पंधरा कॅरेटचा हा दर्जा इंग्लंडमध्ये १८५४ मध्ये सुरू झाला आणि १९३२ मध्ये बंद झाला. एवढ्याशा दोन आकड्यांवरून अंगठीचं वय ७८ वर्षांच्या चौकटीत बसतं.

वाचायला आकडेच असतात असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रजी अंगठ्यांमध्ये खडेच अक्षरांचं काम करतात. रुबी, एमरल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पुन्हा रुबी आणि शेवटी डायमंड. इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, हा शब्द तयार होतो. तोंडानं बोलायचं धाडस नसलेल्या प्रियकरानं तो प्रेयसीच्या बोटात घातलेला असे. व्हिक्टोरिया राणीला राजपुत्र अल्बर्टनं वाङ्‌निश्चयाला दिलेली अंगठी सर्पाकृती होती आणि तिच्यात राणीच्या जन्ममहिन्याचा पाचू होता. शेपूट तोंडाशी आलेला साप तेव्हा न संपणाऱ्या प्रेमाची खूण मानला जाई. अशा अंगठीतून खडा काढून उरलेलं सोनं वितळवलं तर वाक्य पुसून कागदाची रद्दी विकल्यासारखं होतं.

आता रंगाकडे येऊ. आपल्याकडे सोन्याला तांबूस झाक दिसली की पहिला संशय सोनारावर जातो. बावनकशी, शंभर नंबरी हे शब्द भाषेत मुरलेले असताना तांब्याचा रंग म्हणजे खोट, असंच मन सांगतं. त्यात १९६३ ची आठवण आहे. त्या वर्षी जानेवारीत केंद्र सरकारनं चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदा कॅरेटचं बंधन काही वर्षांत उठलं आणि १९६८ मध्ये आलेला सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला, पण कमी कसाच्या सोन्याबद्दलची अढी राहिली ती राहिलीच.

म्हणून रोझ गोल्ड म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यायला हवं. अठरा कॅरेटच्या अशा सोन्यात शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, साधारण बावीस भाग तांबं आणि उरलेली थोडी चांदी असते. गुलाबी रंग त्या तांब्याचा. तो वरून चढवलेला मुलामा नसतो, धातूच्या अंगातच असतो. पांढऱ्या सोन्यावर सहसा ऱ्होडियमचा थर द्यावा लागतो आणि तो काही वर्षांनी झिजतो. गुलाबी सोन्याला ती काळजी नाही.

तांब्याचा दुसरा गुण रंगापेक्षाही मोलाचा आहे. शुद्ध सोनं मऊ असतं. आपल्या कुंदन कारागिरांनी त्या मऊपणाचाच उपयोग केला. शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून दाबून ते खड्याभोवती कोंदण बसवतात. युरोपातल्या अंगठीत मात्र खडा उंच उचलून बारीक नख्यांनी धरलेला असतो, म्हणजे चहूबाजूंनी उजेड आत शिरतो. अशा नख्या मऊ सोन्याच्या केल्या तर वर्षा-दोन वर्षांत वाकतील. तांब्यानं सोनं कडक होतं आणि खडा शंभर वर्षं जागेवर बसून राहतो. ज्याला आपण खोट म्हणतो, त्यानंच या अंगठ्या आजवर टिकवल्या.

एकोणिसाव्या शतकातल्या रशियात हे तांबूस सोनं इतकं लोकप्रिय होतं की बाहेरच्या देशांत त्याला ‘रशियन सोनं’ म्हणत. सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जेच्या कारखान्यात त्याचा मुक्त वापर होई. १९२४ मध्ये पॅरिसच्या कार्तिएनं तीन रंगांची तीन कडी एकमेकांत गुंफून ‘ट्रिनिटी’ अंगठी आणली. तिच्यातलं एक कडं गुलाबी सोन्याचं होतं. कवी झाँ कॉक्तो ती करंगळीत घालत आणि तिचा घाट शंभर वर्षांनंतरही विकला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं प्लॅटिनम लष्करी कामांसाठी राखून ठेवलं, तेव्हा तिथले जवाहिरे पुन्हा सोन्याकडे वळले आणि १९४० च्या दशकातले ठसठशीत गुलाबी दागिने जन्मले. २०१५ मध्ये याच रंगाचा आयफोन बाजारात आला आणि रोझ गोल्ड हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला.

या रंगाचा खड्यांशी जमणारा मेळ हा कौतुकाचाच विषय आहे. मॉर्गनाइट हा पाचूच्याच कुळातला फिकट गुलाबी खडा. १९१० च्या सुमारास रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांनी त्याला धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांचं नाव दिलं. पांढऱ्या धातूत तो पुष्कळदा निस्तेज वाटतो, गुलाबी सोन्यात त्याचा रंग एकदम उमलून येतो. माणिक आणि गार्नेट तांबूस सोन्यात ऊबदार दिसतात, तर नीलम आणि पाचू विरोधानं उठून दिसतात.

जुन्या हिऱ्यांचं सौंदर्य वेगळं. १९१९ मध्ये मार्सेल तोल्कोव्स्की यांनी हिऱ्याच्या पैलूंचं गणित मांडलं आणि आजच्या चकाकत्या हिऱ्याचं माप ठरत गेलं. त्याआधीचे हिरे कारागिराच्या डोळ्यानं आणि हातानं घडत. माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान, तळाचं टोक छाटलेलं. मेणबत्तीच्या उजेडात ते संथ, मोठाले कवडसे टाकतात. असा हिरा नव्या मापाला आणायचा म्हणजे त्याचं वजन गमवायचं. कोहिनूरचंच पाहा. १८५१ च्या लंडनमधल्या प्रदर्शनात तो लोकांना पुरेसा झळाळता वाटला नाही, म्हणून १८५२ मध्ये त्याला नव्यानं पैलू पाडले. सुमारे १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. भारतीय कारागिरांनी त्याला दिलेलं रूप कायमचं गेलं.

याउलट ब्रिटनच्या राजपुत्र विल्यम यांनी २०१० मध्ये आईची अंगठी तशीच केट मिडलटन यांच्या बोटात घातली. मधोमध बारा कॅरेटचा सिलोनी नीलम, भोवती चौदा हिरे. आपल्याकडे आईचा नीलम सुनेनं असा सहज घातला नसता, कारण तो धार्जिणा आहे का, हा प्रश्न आधी आला असता. खडा पत्रिकेनुसार निवडण्याची ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर पाळावी. पण तेवढ्यासाठी थोरल्यांची अंगठी मोडीत जाऊ नये.

जुनं ते सगळं अस्सल, असंही नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑग्युस्त व्हेर्नॉय यांनी १९०२ मध्ये ज्वालेत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. त्यामुळे शंभर वर्षांच्या अंगठीतलं माणिकही मानवनिर्मित असू शकतं. भिंगाखाली त्यात वक्र रेषा आणि बारीक बुडबुडे दिसले तर ते ज्वालेतलं समजावं. जुन्या घाटाची नवी अंगठी विकायलाही हरकत नाही, फक्त ती नवी म्हणूनच विकली गेली पाहिजे. जपणूकही समजून करावी लागते. खड्यामागे चकाकता पत्रा लावलेली अंगठी पाण्यात बुडवली की पत्रा काळवंडतो, आणि हेच आजीच्या कुंदनालाही लागू आहे. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून तो ध्वनिलहरींच्या यंत्रात धुऊ नये. ओपल बसवलेल्या अंगठीचं माप बदलताना आच लागली तर खडा तडकतो.

यासाठी मराठी गिऱ्हाइकानं आता सराफाकडे दोन गोष्टी ठामपणे मागाव्यात. खडा उचकटण्याआधी अंगठी भिंगाखाली धरून आतल्या खुणा वाचून दाखवा, ही पहिली. खड्याचं मूल्य वेगळं सांगा, ही दुसरी. शंका असेल तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळांत खडा तपासून मिळतो. त्याचा खर्च वाया जाणार नाही. सराफांनीही कस सांगण्याइतकंच घडण ओळखणं हे आपलं काम मानावं.

आणि ज्या अंगठ्या आधीच मोडल्या गेल्या, त्यांचे खडे घरोघरी लॉकरमधल्या डब्यांत, पिवळ्या पडलेल्या पुड्यांत पडून आहेत. त्यातलं एखादं माणिक अठरा कॅरेटच्या गुलाबी सोन्यात पुन्हा बसवता येतं. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती आहे, तेव्हा नव्या अंगठीच्या आत बीआयएसची खूण, ‘७५०’ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक तपासून घ्यावा. त्याच्या शेजारी थोडी जागा उरते. तिथं आजीच्या नावाचं आद्याक्षर आणि तिच्या लग्नाचं साल कोरून द्यायला सोनाराला अर्धा तासही लागत नाही.